गच्चीवरून दिसणारे आणि न दिसणारे उपग्रह

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, थंडीच्या सुरुवातीला गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण. बोललेलंच थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



सेक्रेटरीसाहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. खाली भजी तळायला घेतली आहेत, त्यामुळे एकविसावं मिनिट मिळणार नाही हे मला ठाऊक आहे.

रौप्यमहोत्सव आहे, तर सुरुवात रौप्यमहोत्सवापासूनच करतो. आपली संस्था २००० साली नोंदली गेली. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला आणखी एका ठिकाणी गृहप्रवेश झाला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात तीन माणसं राहायला गेली, एक अमेरिकन आणि दोन रशियन. त्या दिवसापासून आजपर्यंत ते घर एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. म्हणजे त्यांच्या वास्तव्याचीही पंचवीस वर्षं झाली. तिथेही मेंटेनन्स आहे, पाणी जपून वापरावं लागतं, आणि खरं सांगतो, तिथेही लीकेज आहे. एका भागातून हवा झिरपते, म्हणून तो भाग बंद ठेवावा लागतो. आपल्या बी विंगच्या मंडळींनी मनाला लावून घेऊ नये. यंदा जून-जुलैमध्ये आपले शुभांशु शुक्ला तिथे राहून आले, हे तर मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

ते घर आपल्या गच्चीवरून दिसतं. दुर्बीण लागत नाही. चष्मा असेल तर तेवढा लावा. पण मला आज त्या मोठ्या घराबरोबरच लहान उपग्रहांबद्दल बोलायचं आहे. आणि त्याआधी एक कबुली द्यायची आहे, कारण नऊ वर्षांपूर्वी याच गच्चीवर मी तुमच्यापैकी काहींना एक चुकीची गोष्ट सांगितली होती.

२०१६ सालची गोष्ट. त्या वर्षी २२ जूनला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही रॉकेटने एकाच उड्डाणात २० उपग्रह सोडले. त्यात एक होता ‘स्वयम’. पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगच्या, म्हणजे सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी तो तयार केला होता. वजन जेमतेम एक किलो. आकार दहा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच. आपण किराण्यात एक किलो साखर आणतो ना, तेवढाच डबा समजा. एका तुकडीने सुरुवात करायची, पुढच्या तुकडीने पुढे न्यायचं, असं अनेक वर्षं चाललेलं काम होतं. पुढे तीनच महिन्यांनी, २६ सप्टेंबरला, मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ गेला. तो दहा किलोच्या आसपास. महाराष्ट्रातल्या पोरांनी बनवलेले दोन उपग्रह एकाच वर्षात वर गेले, म्हणून मी अगदी हरखून गेलो होतो.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी आपल्या सोसायटीतली दहा-बारा मुलं गोळा केली आणि म्हणालो, “चला, तुम्हाला स्वयम दाखवतो.” संध्याकाळी सगळे इथे टाकीजवळ उभे. थोड्या वेळाने उत्तरेकडून एक बारीक चांदणी सरकत आली. मी बोट दाखवून ओरडलो, “तो बघा, स्वयम!” मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी एका मुलीने मला गाठलं. तेव्हा ती सातवीत होती. म्हणाली, “काका, साखरेच्या डब्याएवढी वस्तू पाचशे किलोमीटरवरून कशी काय दिसली?”

मी म्हणालो, “अगं, उन्हात चकाकते ना!” आणि लिफ्टमध्ये शिरलो.

घरी आलो, पण मन लागेना. मेंटेनन्सच्या बिलाच्या मागच्या बाजूला गणित मांडलं. ते आज तुमच्यापुढे मांडतो. फार अवघड नाही.

पहिली गोष्ट, उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. विमानाला असतो, उपग्रहाला नाही. आपल्याला दिसतं ते त्याच्यावरून परतलेलं सूर्याचं ऊन. म्हणून वस्तूचा पृष्ठभाग जितका मोठा, तितकं ऊन जास्त परतणार आणि तितकी ती ठळक दिसणार.

दुसरी गोष्ट, ताऱ्यांचा ठळकपणा ‘प्रती’त मोजतात. हे शाळेतल्या नंबरासारखं आहे. पहिला नंबर हुशार, सहावा जरा मागे. तसा पहिल्या प्रतीचा तारा ठळक आणि सहाव्या प्रतीचा अगदी अंधूक. फार ठळक असेल तर प्रत शून्याच्याही खाली जाते. व्याधाचा तारा उणे दीड, शुक्र उणे चारच्या आसपास. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट फरक. खूप काळोखात, समजा नान्नजच्या माळावर, चांगल्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंत दिसतं. आपल्या गच्चीवरून तिसऱ्या, फार तर चौथ्या प्रतीपर्यंत. बाकीचं आकाश रस्त्यावरचे दिवे, बोर्ड आणि धूळ खाऊन टाकतात.

आता अंतराळ स्थानक घ्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०९ मीटर. त्यावर सौर पंख्यांचे अडीच हजार चौरस मीटरच्या घरातले पत्रे. ते डोक्यावरून जातं तेव्हा उणे तीन, कधी त्याहूनही ठळक. आणि स्वयमची एक बाजू किती? दहा गुणिले दहा सेंटिमीटर, म्हणजे एक चौरस मीटरचा शंभरावा भाग. दोन्हींत साधारण अडीच लाख पटींचा फरक. प्रतीत मांडला तर तेरा-साडेतेरा प्रतींचा. म्हणजे स्वयम दहाव्या प्रतीच्या आसपास आला. नान्नजच्या काळोखातही तो डोळ्यांना दिसला नसता. आपल्या गच्चीवरून दिसायला तो आहे त्याच्या काहीशे पट ठळक हवा होता.

एवढ्यावर भागलं नाही. ते रॉकेट सकाळी ९ वाजून २६ मिनिटांनी उडालं होतं आणि उपग्रह अशा कक्षेत ठेवले होते, की ते आपल्या भागावरून रोज जवळपास त्याच सुमारास जावेत, सकाळी साडेनऊ-दहाला आणि रात्री साडेनऊ-दहाला. सकाळी आकाश उजळलेलं, आणि रात्री त्या वेळेला तो पृथ्वीच्या सावलीत, म्हणजे त्याच्यावर ऊनच नाही. मी मुलांना उभं केलं होतं संध्याकाळी साडेसहाला! जी चांदणी आम्ही पाहिली, ती दुसऱ्याच कुठल्या मोठ्या उपग्रहाची किंवा आकाशात फिरत राहिलेल्या रिकाम्या रॉकेटची होती.

हे मला त्याच रात्री कळलं. पण सांगितलं मात्र नाही. टाळ्या वाजवून झाल्या होत्या ना! आज सांगू, उद्या सांगू करता करता नऊ वर्षं गेली. ती मुलगी आता इंजिनिअर झाली आहे. मागच्या आठवड्यात ती सुट्टीवर आली तेव्हा शेवटी तिला सगळं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, “बरं काका, मग ते होतं तरी काय?” आणि याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण त्या दिवशी मी किती वाजले ते पाहिलं नव्हतं, चांदणी कुठून कुठे गेली ते लिहून ठेवलं नव्हतं. तारीखसुद्धा नक्की आठवत नाही. मी फक्त नाव दिलं होतं. आज मला तुम्हाला मुख्य सांगायचं आहे ते हेच. आधी नोंद, मग नाव.

ही चूक करणारा मी काही पहिला नाही. ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाने पहिला उपग्रह स्पुटनिक सोडला. जगभर लोक अंगणात येऊन आकाशाकडे पाहू लागले आणि अनेकांनी सांगितलं, “आम्ही स्पुटनिक पाहिला.” पण स्पुटनिक होता ५८ सेंटिमीटर व्यासाचा गोळा. मोठ्या कळशीएवढा म्हणा. अगदी काळोखात आणि नक्की जागा माहीत असली तर मुश्किलीने दिसावा, असा. बहुतेक लोकांनी पाहिलं ते त्याला वर नेऊन सोडणारं रॉकेट. तेही त्याच्या मागोमाग पृथ्वीभोवती फिरत होतं आणि पंचवीस मीटरहून लांब होतं. कळशी दिसली नाही, ती नेणारा टँकर दिसला.

पुढे १९६० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने ‘एको’ नावाचा चकचकीत फुगाच वर सोडला, तीस मीटर व्यासाचा. तो मात्र खरोखर सगळ्यांना दिसायचा. माझे वडील सांगायचे, मंगळवेढ्याला अंगणात बाजेवर पडलं की एक ‘चालती चांदणी’ जायची. तेव्हा गावात वीज नव्हती, आकाश मात्र भरपूर होतं. आपल्या सोसायटीत तर चांदणीला तीन शब्द आहेत. आम्ही चांदणी म्हणतो, तेलुगू घरांत चुक्का म्हणतात, कन्नड घरांत चुक्की. चालती मात्र सगळ्यांनाच दिसते.

मग कुणी म्हणेल, लहान उपग्रह शहरातून कधीच दिसत नाहीत का? दिसतात. दोन वाटांनी दिसतात.

पहिली वाट आरशाची. लहानपणी आपण छोट्या आरशाने समोरच्या घरात ऊन पाडायचो. हातावर मावणारा आरसा, पण समोरच्याचे डोळे दिपायचे. इरिडियम नावाच्या टेलिफोनच्या उपग्रहांवर दाराएवढे, पण त्याहून थोडे अरुंद, चकचकीत अँटेना होते. ७८० किलोमीटर उंचीवरच्या त्या दारावरून उन्हाची तिरीप बरोबर तुमच्या गावावर पडली, की काही सेकंद शुक्रापेक्षाही कितीतरी ठळक चमक दिसायची. मुंबई-पुण्याच्या झगमगाटातूनही दिसायची. एक-दोनदा मी ती इथून पाहिली आहे. २०१७ ते २०१९ मध्ये जुन्यांच्या जागी नवे उपग्रह आले, त्यांना तसे आरसे नाहीत. जुने बहुतेक खाली आणून जाळून टाकले. तो खेळ आता जवळजवळ संपला. पण धडा राहिला. लहान वस्तूही दिसते, मात्र ऊन, वस्तू आणि तुम्ही यांचा कोन नेमका जुळावा लागतो.

दुसरी वाट संख्येची. मे २०१९ मध्ये स्टारलिंकचे ६० उपग्रह एकदम सोडले गेले. एकेक उपग्रह अडीचशे किलोंच्या आसपास. स्थानकापुढे चिल्लरच. पण सुटल्यावर पहिले काही दिवस ते कमी उंचीवर, एकामागे एक ओळीने जातात, अगदी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या खिडक्यांसारखे. तेव्हा ते शहरातूनही दिसतात. मग हळूहळू ५५० किलोमीटरच्या आसपास चढतात, पांगतात आणि शहरातल्या डोळ्यांना बहुधा दिसेनासे होतात. ही आगगाडी गेली की आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज ‘उडत्या तबकड्या’, दुसरा ‘क्षेपणास्त्र’ आणि तिसरा ‘सर्वांनी घरात बसावे’. तबकडीही नाही आणि क्षेपणास्त्रही नाही. खुशाल बाहेर बसा.

या आगगाडीची दुसरी बाजूही सांगायला हवी. असे उपग्रह आता हजारोंनी झाले आहेत. मोठ्या दुर्बिणींनी घेतलेल्या फोटोंवर त्यांच्या रेघा उमटतात. खगोलशास्त्रज्ञांनी तक्रार केली तेव्हा कंपनीने एक उपग्रह काळसर करून पाहिला, मग उन्हाला आडोसा लावून पाहिला. फरक पडला, पण तक्रार मिटलेली नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ब्लूवॉकर-३ नावाचा उपग्रह गेला. त्याने आकाशात ६४ चौरस मीटरचा अँटेना उलगडला. आपल्या भाषेत ६९० चौरस फूट, म्हणजे वन बीएचके फ्लॅटच! तो कधी कधी आकाशातल्या सगळ्यांत ठळक ताऱ्यांच्या रांगेत बसायचा. मोबाइलला थेट अंतराळातून रेंज मिळावी म्हणून हे चाललं आहे. रेंज आपल्यालाही हवी आहे, तेव्हा नुसती नावं ठेवून चालणार नाही. पण आकाश हीसुद्धा एक सामायिक गच्ची आहे. तिथे कोणी काय वाळत घालावं याचे नियम अजून धड झालेले नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

आता कामाचं बोलतो. आपल्या गच्चीवरून उपग्रह कसा पाहायचा?

वेळ संध्याकाळी सूर्य मावळल्यावर पाऊण तासाने सुरू होते. खाली अंधार पडलेला असतो, पण वर पाचशे किलोमीटरवर अजून ऊन असतं. डोक्यावरच्या तेवढ्या उंचीच्या उपग्रहावर सूर्यास्तानंतर साधारण दीड तास ऊन राहतं. त्यानंतर तो सावलीत जातो. म्हणून आठ-साडेआठच्या मालिका बुडत नाहीत, वहिनींनी काळजी करू नये. तसाच दीड तास पहाटे उजाडण्यापूर्वी मिळतो. त्यासाठी वेगळा गजर लावायला नको. पाणी यायच्या दिवशी आपण पहाटे मोटर लावायला उठतोच. टाकी भरेपर्यंत वर बघा.

आकाश पुरेसं काळोखं आहे का, याची परीक्षा ध्रुवताऱ्यावर घ्या. सोलापूरचं अक्षांश पावणेअठरा अंशांच्या आसपास, म्हणून ध्रुव आपल्याला उत्तरेला तेवढाच वर दिसतो. हात लांब करून मूठ धरा, ती दहा अंशांची होते. क्षितिजापासून दोन मुठींना थोडं कमी. तो दुसऱ्या प्रतीचा आहे. तो दिसला तर स्थानक नक्की दिसेल आणि हबल दुर्बीणही दिसू शकेल. हबल तेरा मीटर लांब, शाळेच्या बसएवढी. ती पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते आणि तिची कक्षा विषुववृत्तापासून साडेअठ्ठावीस अंशांपर्यंतच जाते. म्हणून लंडनच्या लोकांना ती दिसत नाही, आपल्याला मात्र चांगली उंचावरून जाताना दिसते. सोलापूरकरांना फुकट मिळालेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक.

स्थानक नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे किंवा वायव्येकडून आग्नेयेकडे जातं. पृथ्वीचे फोटो काढणारे बरेच उपग्रह उत्तर-दक्षिण जातात. वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर. आपल्याला पुण्याला जायला साडेचार तास लागतात, त्याला अर्धं मिनिट. तरी तो उंच असल्यामुळे आकाश पार करायला चार-सहा मिनिटं घेतो, आणि पुष्कळदा मध्येच विझतो. तो विझत नाही, पृथ्वीच्या सावलीत शिरतो. मुलांनो, ते विझणं नीट बघा. पृथ्वीची सावली अशी डोळ्यांदेखत फार कमी वेळा दिसते.

विमान ओळखायचं कसं? लाल-हिरवे दिवे, लुकलुक आणि थोड्या वेळाने आवाज. उपग्रह एकसारखा, मुका आणि शांत सरकतो. कधी एखादी चांदणी सरकताना सावकाश कमी-जास्त होते. ते बहुधा कोलांट्या खात जाणारं रिकामं रॉकेट असतं. संक्रांतीच्या दिवसांत दिवे लावलेले पतंगही असतात, त्यांचा दोरा खाली कुणाच्या तरी हातात असतो.

कुठला उपग्रह कधी जाणार हे आता आधी कळतं. स्थानकासाठी नासाची ‘स्पॉट द स्टेशन’ सेवा आहे. बाकीच्यांसाठी ‘हेव्हन्स अबव्ह’ आहे. त्यात सोलापूर निवडलं की वेळ, दिशा, उंची आणि प्रत सगळं येतं. प्रतीचा आकडा तीन किंवा त्याहून कमी असेल तरच वर या, नाहीतर माझ्यासारखे फसाल.

आणि आता नोंदीचं. एक साधी वही घ्या. तारीख, वेळ सेकंदासकट, कुठून उगवला, कुठल्या ताऱ्याजवळून गेला, कुठे मावळला किंवा विझला, कुठल्या ताऱ्याइतका ठळक. एवढ्या सहा गोष्टी लिहा. नाव लिहायची जागा मोकळी सोडा. घरी जाऊन तपासा आणि मग भरा. ही पोरखेळाची वही नव्हे. स्पुटनिकच्या काळात जगभर हौशी लोकांचे गट हेच करत होते, ‘मूनवॉच’ म्हणायचे त्याला. रात्री रांगेत बसून, छोट्या दुर्बिणीतून, उपग्रह ठरलेली रेघ ओलांडायची वेळ टिपायची. त्यावरून कक्षा काढली जायची. आपल्याकडे नैनितालला उपग्रहांचे फोटो घेणारा मोठा कॅमेराही बसवला होता.

अलीकडचं उदाहरण घ्या. २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आकाशातून जळत जाणारी रांग लोकांनी पाहिली. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान कोसळलं म्हणालं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरी गावात तर सुमारे दहा फूट व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. वेळ आणि मार्ग जुळवून तज्ज्ञांनी सांगितलं, की तो चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा भाग असावा. नुसतं ‘काहीतरी पडलं’ एवढ्यावरून हे कळलं नसतं. किती वाजता आणि कुठून कुठे, यावरून कळलं.

आणि आपल्या जिल्ह्याला तर हे नवं नाहीच. पुण्याला जाताना जेऊर स्टेशन लागतं ना, करमाळा तालुक्यातलं? २२ जानेवारी १८९८ ला तिथे खग्रास सूर्यग्रहण होतं. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेची माणसं समुद्र ओलांडून, पेट्याच्या पेट्या घेऊन जेऊरला येऊन राहिली होती. आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रा. के. डी. नायगमवाला हेही आपली यंत्रं घेऊन तिथे होते. जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी ही सगळी तयारी. त्या दोन मिनिटांत काय दिसलं, हे त्यांनी लिहून ठेवलं, छापलं, म्हणून सव्वाशे वर्षांनंतर मी ते तुम्हाला सांगू शकतो. आणि नायगमवालांचं ते कॉलेज ऑफ सायन्स म्हणजेच आजचं सीओईपी, जिथल्या मुलांनी पुढे स्वयम बनवला. त्यांनी दोन मिनिटं जपून ठेवली. मी माझी चार मिनिटं टाळ्यांत घालवली.

आता समितीपुढे एक विनंती, आणि मग भजी. आपल्या गच्चीचं कुलूप मध्यंतरी का लागलं, हे सर्वांना माहीत आहे आणि कारणही योग्य होतं. कठडा कमी उंचीचा होता. तो आता वाढवला आहे. माझी विनंती एवढीच, की महिन्यातल्या एका संध्याकाळी, अमावास्येच्या आसपास, मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली गच्ची तासभर उघडावी. तेवढा तास हा टाकीवरचा हॅलोजन बंद ठेवावा, आणि एरवीही त्याला वरून पत्र्याची टोपी बसवावी. उजेड पायऱ्यांवर हवा आहे, आकाशात नको आहे. वीजही थोडी वाचेल, खजिनदार नाही म्हणणार नाहीत. दाराशी एक वही आणि दोरीला बांधलेलं पेन मी माझ्या खर्चाने ठेवतो. पहिल्या पानावर माझीच नोंद आहे: ‘दिवाळीनंतर, २०१६. वेळ नोंदवलेली नाही. उत्तरेकडून. काय होते ते कळलेले नाही. स्वयम नव्हता.’

दुसरी नोंद आज करायची आहे. सात-आठ मिनिटांत नैर्ऋत्येकडून, त्या समोरच्या इमारतीच्या डाव्या कोपऱ्यावरून स्थानक वर येईल. ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांनी फोटोच्या नादी लागू नये. वेळ तेवढी बघावी. कठड्याला कुणी टेकू नये, लहानांनी सतरंजीवरूनच पाहावं.

वॉचमनमामा, तेवढा हॅलोजन बंद करता का?